हिवरखेडच्या वळणावर तुटणारे कॉल

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्याच्या बायकोच्या गप्पा ऐकायचा पगार घेतला. हे सांगितलं की लोक दचकतात, पण काम खरोखर तसंच होतं. अकोल्यातल्या एका मोबाइल कंपनीत मी इंजिनीअर म्हणून लागले होते. कंपनीचं जाळं सीडीएमए पद्धतीचं. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला जोडलेला फोन, फोनवर चालू ठेवलेला कॉल आणि जीपमधून अकोट, तेल्हारा, हिवरखेड, दर्यापूर असे रस्ते पालथे घालायचे. कुठे आवाज फाटतो, कुठे कॉल तुटतो, ते टिपायचं. इतर ठिकाणी अशा चाचणीसाठी पलीकडे एक यंत्र लावून ठेवतात, ते रेकॉर्ड केलेलं एकच वाक्य बोलत राहतं. आमच्या भाऊंना ते मान्य नव्हतं. ते अचलपूरला स्वतःच्या घरी फोन लावत आणि पलीकडून काकू बोलत.

भाऊ आमचे तंत्रज्ञ. पन्नाशी ओलांडलेले, शिक्षण मॅट्रिक, आणि त्याआधी वीस वर्षं अचलपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. कंपनीनं त्यांना कंत्राटावर घेतलं होतं, दरवर्षी नवा कागद. टॉवरवर चढणं, केबल जोडणं, जीप चालवणं, सगळं तेच करत. काकूंना त्यांनी एकच अट घातली होती, फोन ठेवायचा नाही. काकू मेथी निवडता निवडता शेजारणीच्या सुनेपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं बोलत. पहिल्या आठवड्यात मला फार अवघडल्यासारखं झालं, कुणाच्या घरातलं ऐकतो आहोत म्हणून. नंतर लक्षात आलं की भाऊ त्यातला एक शब्दही मनावर घेत नाहीत. त्यांचं लक्ष काकूंच्या ‘स’ आणि ‘श’वर असायचं. आवाज बिघडायला लागला की आधी ती अक्षरं बोथट होतात. बाई काय सांगते आहे हे संसारात तीस वर्षं न ऐकणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण तिचं प्रत्येक अक्षर इतक्या निगुतीनं ऐकणारा हा एकच.

मी अमरावतीची. घरातली पहिली इंजिनीअर. नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी विहारात पेढे वाटले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रावरचा शिक्का दाखवला होता. कॉलेजात मी सीडीएमएची गणितं सोडवली होती, मार्कही बरे पडले होते. समजलं मात्र त्या जीपमध्ये.

त्या पद्धतीचं मला अजून कौतुक वाटतं. दुसऱ्या जाळ्यांमध्ये प्रत्येकाला बोलायला वेळेचा एकेक तुकडा वाटून दिलेला असायचा. इथे तसं काही नाही. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पट्ट्यात, एकमेकांच्या अंगावर बोलायचं. फक्त प्रत्येकाचं बोलणं सांकेतिक आकड्यांच्या एका वेगळ्या माळेत गुंफून हवेत सोडलेलं असतं. ज्याच्याकडे ती माळ आहे त्याला ते उलगडतं, बाकीच्यांना ती नुसती घरघर. भाऊ म्हणत, लग्नाच्या मांडवात दोनशे माणसं बोलत असतात, पण तुमच्या आईनं पलीकडून हळूच हाक मारली तरी तुम्हाला ती ऐकू येतेच ना. आमच्या प्राध्यापकांनी हेच सांगायला दोन तास घेतले होते आणि तीन फळे लिहून भरले होते.

पण मांडवात एकानं लाउडस्पीकर लावला तर आईची हाक कुठली ऐकू यायला. टॉवरच्या पायथ्याशी उभा असलेला फोन जोरात बोलला तर दूरच्या शेतातला फोन त्याच्या आवाजात बुडून जातो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सारखं बजावत असतो, जरा हळू, आता थोडं जोरात, आता पुन्हा हळू. सेकंदाला आठशे वेळा. मी हे पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मला हसूच आलं. आम्हा वऱ्हाड्यांना सेकंदाला आठशे वेळा हळू बोला म्हणून सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही. फोन मात्र निमूट ऐकायचे.

आणि काकूंचा आवाज? तो तर तारेवरून येतो तसा येतच नव्हता. फोन त्यांच्या बोलण्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करायचा. प्रत्येक तुकड्यात गळा किती कंप पावला, तोंडाचा आकार कसा होता, एवढंच मोजून पाठवायचा. पलीकडचा फोन त्या मापांवरून काकूंचा आवाज नव्यानं बनवायचा. म्हणजे आम्हाला मिळायची ती कृती, पदार्थ आमच्याच फोनमध्ये शिजायचा. काकू मेथीची काडी मोडायला क्षणभर थांबल्या की फोन जेमतेम आठव्या हिश्शाएवढं पाठवायचा, नुसतं ‘मी आहे’ एवढं सांगण्यापुरतं. त्या रिकाम्या जागेत दुसऱ्या कुणाचं बोलणं मावून जायचं. एका माणसाचं गप्प बसणं दुसऱ्याच्या कामी यावं, हे मी माणसांच्या कुठल्याच सभेत पाहिलेलं नाही.

डेटाचं तंत्र निराळं होतं. आधी तर तो आवाजाच्या पंगतीला उरलंसुरलं खायचा. बोलणाऱ्यांचं भागलं की जी ताकद उरेल ती इंटरनेटला. पुढे कंपनीनं डेटासाठी वेगळा पट्टा दिला आणि तिथे टॉवर एका वेळी एकालाच वाढायचा, पण सगळी ताकद लावून. ज्या फोनला त्या क्षणी सगळ्यात स्पष्ट ऐकू येतंय त्याला आधी, पुढच्या क्षणी दुसऱ्याला, आणि कुणी फार वेळ ताटकळला असेल तर त्यालाही मध्येच एक वाढप. हिवरखेडच्या एका दुकानात डेटा कार्डावर मुलांचे बारावीचे निकाल निघायचे, तेव्हा दारात ही गर्दी. त्या दिवशी बोलणारेही इतके वाढायचे, की टॉवरचा घेरच आकसायचा आणि गावाबाहेरच्या वस्तीला रेंज उरायची नाही. दुसऱ्या दिवशी घेर पुन्हा पूर्वीएवढा.

पण भाऊ ज्याच्यावर खरे लुब्ध होते ती गोष्ट म्हणजे टॉवर बदलणं. चालत्या जीपमधला फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, तेव्हा इतर जाळ्यांमध्ये आधीचा हात सुटायचा आणि मग दुसरा धरला जायचा. आमच्याकडे फोन आधी नवा हात धरायचा, बराच रस्ता दोन्ही टॉवरांशी एकदम बोलत राहायचा आणि खात्री पटल्यावरच जुना सोडायचा. काकूंच्या वाक्यात टाचणीएवढंही भोक पडायचं नाही. अशा प्रत्येक ठिकाणी भाऊ स्टिअरिंगवर एक बोट आपटत. मी कधी विचारलं नाही, पण ती त्यांची दाद असावी.

त्या वर्षी चैत्रात वानरांनी हिवरखेडच्या टॉवरवर उच्छाद मांडला. सातपुडा तिथून समोर दिसतो, उन्हाळ्यात पाण्यासाठी टोळ्या खाली उतरतात. टॉवरच्या पायथ्याशी यंत्रांची एक खोली असते. तिच्या छतावर वाटीएवढी एक पांढरी टोपी बसवलेली होती, जीपीएसची अँटेना. वानरं ती हलवून बघायची, तिची केबल ओढायची आणि अकोल्याच्या नियंत्रण कक्षात तासातासाला तिच्या नावानं घंटा वाजायची. आम्ही गेलो. भाऊंनी छतावर चढून जोड घट्ट केला, टेप गुंडाळला आणि ते खाली खोलीत बॅटऱ्या बघायला गेले. मी बाहेर उभी होते. टॉवर ज्यांच्या शेतात होता ते आजोबाच त्याची राखण करत. मी त्यांना म्हटलं, यावर काहीतरी भक्कम झाकून ठेवा, म्हणजे वानरं हात लावणार नाहीत. आमच्या घरी झाकून ठेवणं हा धर्मच. दूध झाका, लोणचं झाका, शिलाई मशीन झाका. आई उन्हाळ्यात टीव्हीवरसुद्धा टॉवेल टाकायची. शिवाय मी नियंत्रण कक्षाला सांगितलं की वानरांमुळे ही घंटा खोटी वाजते, उन्हाळाभर बंद ठेवा. दोन्ही गोष्टी मला अगदी हुशारीच्या वाटल्या होत्या. इतक्या किरकोळ की मी भाऊंना सांगितल्यासुद्धा नाहीत.

दोन दिवसांनी तक्रारी सुरू झाल्या. अकोटकडून हिवरखेडला येताना कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वळणावर कॉल तुटतो. बसमधले, ट्रॅक्टरवरचे, सगळ्यांचे तिथेच. गावात विचारलं तर लोक म्हणायचे, आमचे फोन तर बरोबर चालतात. आठवडा झाला तरी कारण सापडेना. मग नागपूरचे साहेब अकोल्याला आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्यांच्या मते टॉवरवरचे केबलचे जोड खराब होते आणि जोड भाऊंनी केलेले. भाऊंचा वर्षाचा करार त्याच महिन्यात संपत होता. साहेबांनी माझ्यासमोरच सांगितलं की शनिवारपर्यंत हे दुरुस्त झालं नाही, तर नवा कागद निघणार नाही. भाऊ फक्त मान हलवून बाहेर आले. पुढचे तीन दिवस भर उन्हात टॉवरवर चढून त्यांनी एकूण एक जोड कापून नव्यानं केला. कॉल तिथेच तुटत राहिले.

शुक्रवारी आम्ही तो रस्ता सकाळपासून सहा वेळा केला. पलीकडे काकू बोलून बोलून दमल्या. सहाव्या खेपेनंतर भाऊंनी जीप वळणावर उभी केली. मग त्यांनी मला टिपलेलं पुन्हा वाचायला सांगितलं. बाहेर लावलेला कॉल गावात शिरताना तुटतो. गावात लावलेला कॉल गावात उत्तम चालतो, पण बाहेर पडताना तुटतो. दोन्ही वेळा वळण तेच.

“मॅडम, हा टावर मुका नाई, बहिराबी नाई,” भाऊ म्हणाले. “याचं घड्याळ बिघडलं.”

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी समजावलं ते मी आज नव्या मुलांना शिकवताना तसंच्या तसं सांगते. हिवरखेडच्या स्टँडवर बसची पाटी कोण वाचतं? लोक वेळेवरून गाडी ओळखतात. सव्वाआठला आली ती अकोट, साडेनऊला आली ती तेल्हारा. सीडीएमएचे सगळे टॉवर एकच आकड्यांची माळ पुन्हा पुन्हा म्हणत असतात, फक्त प्रत्येकानं ती सुरू करायची वेळ किंचित वेगळी. त्या वेळेवरूनच फोन टॉवर ओळखतो. म्हणून सगळ्यांची घड्याळं एक लागतात आणि ती जीपीएसच्या उपग्रहांवरून लावलेली असतात. उपग्रह दिसेनासे झाले तर टॉवर दिवसभर आपल्या अंदाजानं बरोबर चालतो, मग हळूहळू ढळतो. गावातले फोन त्याच्याच घड्याळावर चालतात, त्यांना काही कळत नाही. बाहेरून येणाऱ्या फोनसाठी मात्र ती गाडी भलत्याच वेळेला आलेली असते. तो तिला ओळखतच नाही, नवा हात धरायला मिळत नाही आणि जुना सुटतो.

मॅट्रिक शिकलेल्या त्या माणसानं एक कॉल कुठे तुटतो एवढ्यावरून आकाशातल्या उपग्रहापर्यंतचा धागा काढला होता. माझ्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी मला छतावरची ती पांढरी टोपी आठवली.

आम्ही टॉवरवर गेलो. भाऊ शिडीनं छतावर चढले, मी मागून. अँटेनेवर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक मोठा गंज पालथा घातलेला होता, डाळ शिजवायचा, बुडाला काळा झालेला. वानर सोडा, वादळही हलवू शकलं नसतं असा तारेनं आवळून बांधलेला. भाऊ तीन दिवस टॉवरच्या टोकाला होते, पण त्यांची नजर जोडांवरच, खाली छताकडे कुणी बघितलंच नव्हतं. धातूच्या भांड्याखाली उपग्रहाचा आवाज पोहोचत नाही हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. खालून आजोबांनी मोठ्या समाधानानं सांगितलं की बाईंनी भक्कम झाकायला सांगितलं होतं, म्हणून घरातला सगळ्यात जाड गंज आणला.

भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पकडीनं तार कापली, गंज फडक्यानं पुसून आजोबांच्या हातात दिला आणि सांगितलं की आता याची गरज नाही, टोपीभोवती आपण काट्याच्या फांद्या लावू. आजोबांना ते एक अक्षर लागेलसं बोलले नाहीत. मलाही नाही. मला ते जास्त लागलं.

टॉवरला उपग्रह शोधून घड्याळ लावायला आणि मग पुन्हा सुरू व्हायला वेळ लागणार होता, तेवढा वेळ तो बिघडलेल्याच घड्याळावर चालणार होता. तोवर अकोटच्या बाजूनं तपासू म्हणून आम्ही निघालो. जीप सुरू करता करता भाऊ म्हणाले की साहेबांना मी सांगतो, अँटेना नीट बसवली नव्हती, माझ्याच हातून राहिलं. अगदी सहज, चहा मीच करतो म्हणावं तसं. मी गप्प बसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी गावाची वेस येईपर्यंत गप्प बसले. माझी नोकरी कायम व्हायची होती. बाबांनी वाटलेले पेढे डोळ्यांसमोर येत होते. पण भाऊंनी खिशातला फोन काढायच्या आत मी लॅपटॉपला जोडलेल्या फोनवरून साहेबांचा नंबर लावला. साहेबांनी उचलला. मी म्हटलं, सर, हिवरखेडचं कारण सापडलं, तुम्हाला एक सांगायचं आहे. तेवढ्यात जिनिंगचं वळण आलं आणि कॉल तुटला.

भाऊंनी जीप बाभळीखाली घेतली. इंजिन बंद केलं.

“आता तुटला ते बरं झालं,” ते म्हणाले. “मॅडम, तुमची नोकरी आता सुरू होऊन राहिली. माह्यं काय, मी पुन्हा रेडिओचं दुकान उघडीन.”

ते हसले. ते दुकान रस्ता रुंद करताना पडलं होतं, हे मला काकूंनीच बोलता बोलता सांगितलं होतं. आणि रेडिओ आता कोण दुरुस्त करून घेतो? मी लॅपटॉपकडे बघत राहिले. त्या फोनला कोणकोणते टॉवर ऐकू येतात त्याची यादी स्क्रीनवर असायची. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. हिवरखेडची जागा रिकामीच. मला क्षणभर वाटलं, ती रिकामीच राहावी. मग एकदम तो टॉवर यादीत आला, आपल्या ठरलेल्या वेळेवर, ठणठणीत.

मी पुन्हा नंबर लावला. भाऊंनी जीप वळवली, गावाकडे.

साहेबांना मी सगळं सांगितलं. झाकायला मी सांगितलं, घंटा मी बंद करायला लावली, भाऊंना मी यातलं काहीच कळवलं नव्हतं, बिघाडाचं कारण त्यांनीच शोधून काढलं, आणि त्यांचे जोड पहिल्यापासून चांगले होते. मग साहेब सुरू झाले. इंजिनीअर कुणी केलं तुम्हाला, इथून सुरुवात झाली. जीप चालत होती, मी फोन कानाला लावून ऐकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिनिंगचं वळण आलं. स्क्रीनवर फोननं हिवरखेडचा हात धरला, अकोटकडचा अजून सोडला नव्हता, आणि दोन टॉवर मिळून माझी खरडपट्टी माझ्यापर्यंत पोहोचवत होते. एक अक्षर गळलं नाही. वळण मागे पडलं तरी साहेब चालूच. रडता रडता मला हसू फुटलं, आणि शेजारी भाऊंनी स्टिअरिंगवर बोट आपटलं नाही, तर अख्खा पंजा आपटला.

माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. ते साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मग म्हणाले, फोन भाऊंना द्या.

भाऊंनी जीप कडेला उभी केली. फोन कानाला लावून ते समोरच्या काचेकडे बघत होते. तीनदा ‘हो साहेब’ म्हणाले. फोन मला परत दिला.

“पुढच्या वर्षाचा कागद पाठवून राहिले,” ते म्हणाले.

मग ते उतरले, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थोडं आत गेले आणि नांगरलेल्या शेताकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. बाटली तर सीटवरच होती. त्यांचे खांदे हलत होते. अर्ध्या तासापूर्वी दुकान उघडीन म्हणून हसणारा तो माणूस, त्या पंधरा मिनिटांत बाभळीखाली माझ्या शेजारी बसून मनातल्या मनात काय सोडून देत होता, ते मला तेव्हा कळलं. त्यांना हाक मारायचं धाडस मला झालं नाही. ते परत येईपर्यंत मी जीपमध्ये बसून राहिले.